काहीही न धडकता थांबणारा कोबॉट: सारख्या येणाऱ्या प्रोटेक्टिव्ह स्टॉपचं मूळ कसं शोधायचं

लक्षणं

कोबॉट म्हणजे माणसांच्या शेजारी काम करणारा रोबोटचा हात, म्हणजे आर्म. प्रोग्रॅम व्यवस्थित चाललेला असतो आणि हा आर्म मध्येच थांबतो. टीच पेंडंटवर (आर्म चालवण्याच्या हातातल्या स्क्रीनवर) प्रोटेक्टिव्ह स्टॉप (सुरक्षेसाठी आपोआप थांबणं), धडक ओळखली, किंवा ठरलेल्या मार्गापासून आर्म ढळला अशा अर्थाचा मेसेज येतो. जवळ माणूस नसतो, फिक्स्चरला (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याला) काही लागलेलं नसतं. ऑपरेटर मेसेज बंद करतो, पुन्हा प्ले दाबतो आणि आर्म निमूट पुढचं काम करू लागतो. मग कधी ४० मिनिटांनी, कधी तीन दिवसांनी पुन्हा तेच.

याच्या जोडीला बहुधा यातलं काहीतरी दिसतं:

- थांबणं फक्त पार्ट उचलल्यावर, किंवा सोडल्यानंतर लगेच.
- फक्त सकाळी पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात. नंतर दिवसभर काही नाही.
- वेग ७० टक्क्यांवर ठेवला की बंद, १०० वर नेला की परत सुरू.
- फ्रीड्राइव्हमध्ये (आर्म हाताने हलवता येतो त्या मोडमध्ये) हात सोडला की आर्म आपोआप वर चढतो किंवा खाली बसतो.
- थांबताना टोकाला थरथर, आणि पार्ट ठेवण्याची जागा थोडी थोडी सरकलेली.
- दर वेळी तोच जॉइंट (आर्मचा सांधा), जवळपास त्याच पोझमध्ये.

जळाल्याचा वास, धातूवर धातू घासल्याचा आवाज, पॉवर बंद केल्यावर घसरणारा आर्म किंवा खरोखर झालेली जोराची टक्कर, यांपैकी काही असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका. थेट ‘इथे थांबा’ या भागावर जा.

आर्मला धडक कळते कशी

बहुतेक कोबॉटच्या अंगावर स्पर्श ओळखणारी कातडी नसते. कंट्रोलर सतत हिशोब करत असतो: आत्ता या पोझमध्ये, या वेगाने, इतकं वजन धरून चाललोय, तर प्रत्येक जॉइंटच्या मोटरला इतका करंट लागायला हवा. प्रत्यक्ष करंट त्या आकड्यापासून ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो ‘काहीतरी आडवं आलं’ असं धरून थांबतो. काही आर्ममध्ये करंटऐवजी जॉइंटमध्येच टॉर्क, म्हणजे फिरवणारं बळ, मोजणारे सेन्सर असतात. कुकाच्या एलबीआर आयवामध्ये सातही अक्षांवर आहेत. फानुकच्या हिरव्या सीआर मालिकेत बळ मोजणारा सेन्सर तळाशी, बेसमध्ये बसवलेला असतो. मोजायची जागा वेगळी, पण अपेक्षित आकडा आणि खरा आकडा यांची तुलना सगळीकडे आहेच.

म्हणून ‘खोटा स्टॉप’ हा शब्द मला पटत नाही. आर्मला दिलेली माहिती आणि त्याच्या हातातली वस्तुस्थिती यांत फरक पडलेला असतो. तो फरक वजनाचा असेल, केबलच्या ओढीचा असेल, घट्ट झालेल्या ग्रीसचा असेल किंवा झिजलेल्या गिअरचा. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता कोणी ‘सेन्सर खराब झालाय’ म्हणालं तर आधी ग्रिपरकडे (आर्मच्या टोकावरच्या पकडीकडे) बघतो. सेन्सर निघालेला प्रसंग मला बोटांवर मोजता येईल.

पहिली तपासणी: रिसेट करण्याआधी वाचा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. तरीही हीच सगळ्यात जास्त टाळली जाते, कारण प्रॉडक्शन थांबलेलं असतं आणि मेसेजवर दाबायचं बटण समोरच असतं.

मेसेज बंद करण्याआधी स्क्रीनचा फोटो काढा. आर्म ज्या पोझमध्ये थांबलाय त्याचाही काढा. मग वहीत लिहा: कोणता जॉइंट, प्रोग्रॅमची कोणती ओळ, ग्रिपरमध्ये पार्ट होता की नाही, मशीन चालू करून किती वेळ झाला. अशा आठ-दहा नोंदी झाल्या की अर्धं उत्तर त्यातच सापडतं. लॉग आर्ममध्ये साठतो हे खरं, पण ग्रिपर रिकामा होता की भरलेला, हे तो दर वेळी सांगत नाही.

नोंदी वाचताना थोडं भौतिकशास्त्र वापरा. आर्म जमिनीवर सरळ उभा बसवला असेल तर बेस जॉइंटचा (सगळ्यात खालच्या सांध्याचा) अक्ष उभा असतो. गुरुत्वाकर्षणामुळे त्या जॉइंटवर टॉर्क येतच नाही. त्यामुळे वजनाची नोंद चुकली असेल तर बेस सावकाश फिरताना तक्रार करत नाही. तक्रार शोल्डर (खांदा), एल्बो (कोपर) आणि रिस्ट १ (मनगटाच्या तीन सांध्यांतला पहिला) यांच्याकडून येते, अनेकदा आळीपाळीने. फक्त बेस थांबत असेल तर वजनापेक्षा केबलची ओढ, जास्त प्रवेग किंवा तिरका झालेला स्टँड यांच्यावर संशय घ्या. फक्त रिस्ट २ किंवा ३ असेल तर टोकावरची केबल, ग्रिपरची बसवण आणि रिस्टचा स्वतःचा गिअर, याच क्रमाने बघा. आणि एकच जॉइंट वेगवेगळ्या पोझमध्ये, भरल्या-रिकाम्या दोन्ही स्थितीत थांबत असेल, तर तो बिघाड जॉइंटच्या आत असण्याची शक्यता वाढते. तरीही मधल्या पायऱ्या गाळू नका.

दुसरी तपासणी: केबल आणि नळ्या

फ्रीड्राइव्हमध्ये आर्म हाताने धरून प्रोग्रॅममधल्या प्रत्येक पोझपर्यंत न्या. घाई करू नका, आणि टोकाच्या पोझ चुकवू नका. दर वेळी ग्रिपरची केबल आणि हवेची नळी बोटाने हलवून बघा. कुठेही ती तारेसारखी ताणली गेली तर तिथे आर्म तिला ओढतोय, आणि ती ओढ कंट्रोलरच्या हिशोबात कुठेच नाही.

चूक बहुधा केबल टायमध्ये असते. एखादा माणूस दिसायला नीटनेटकं व्हावं म्हणून रिस्टजवळ टाय आवळून टाकतो. उभ्या आर्मवर ते छान दिसतं, पण रिस्ट ३ पूर्ण फिरली की सैलपणा उरत नाही. टायऐवजी वेल्क्रो पट्टी वापरा, प्रत्येक जॉइंटपाशी फिरायला पुरेल एवढा वळसा सोडा, आणि तो वळसा फिक्स्चरच्या कोपऱ्यात अडकणार नाही हेही बघा. थंडीत हवेच्या नळ्या ताठ होतात. सकाळीच थांबणाऱ्या आर्मच्या बाबतीत हे लक्षात असू द्या.

केबलचं आवरण घासलेलं किंवा चिरलेलं दिसलं तर ती बदलाच. आतली तार तुटायला आली असेल तर ग्रिपरचा सिग्नल मधूनमधून जातो, आणि मग तुम्ही भलत्याच दिशेने शोध घेत बसता.

तिसरी तपासणी: वजन, म्हणजे पेलोड

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त स्टॉप इथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी फुकटची परीक्षा. आर्म मध्यम पोझमध्ये आणा, आजूबाजूला जागा मोकळी ठेवा, दुसऱ्या माणसाला इमर्जन्सी स्टॉपवर हात ठेवून उभं करा. टोक हाताने धरून फ्रीड्राइव्ह चालू करा आणि पकड हळूहळू सैल करा. पकड एकदम सोडू नका, कारण नोंद खूप चुकलेली असेल तर आर्म झटक्याने सरकू शकतो. आर्म जागच्या जागी तरंगत राहिला तर पेलोड साधारण बरोबर. वर चढला तर नोंदवलेलं वजन खऱ्यापेक्षा जास्त आहे. खाली बसला तर कमी. हीच परीक्षा रिकाम्या ग्रिपरने आणि पार्ट धरून, अशी दोनदा करा. दुसऱ्या वेळी त्या पार्टचं वजन कंट्रोलरला दिलेलं आहे ना, हे आधी बघा.

मग काट्यावर मोजा. ग्रिपर, मधली ॲडॉप्टर प्लेट, बोटं, स्क्रू, टोकाला लटकणारा केबलचा भाग, सगळं. कॅटलॉगमधला ग्रिपरचा आकडा नुसत्या ग्रिपरचा असतो. तुमची प्लेट त्यात नसते. आणि फरक लहान वाटला तरी लांबीवर तो मोठा होतो: ८५० मिमी पोहोच असलेला आर्म पूर्ण आडवा पसरलेला असताना टोकाला ८०० ग्रॅमची चूक असेल तर शोल्डरवर सुमारे ६.७ न्यूटन-मीटरचा फरक पडतो. कंट्रोलरच्या दृष्टीने कोणीतरी आर्मला सतत खाली दाबतंय.

एकदा एका सेलवर (आर्म आणि त्याच्याभोवतीच्या मांडणीवर) तीन आठवडे हाच खेळ चालला होता. प्रोग्रॅम तोच, पार्ट तोच, वजनाची नोंद दोनदा तपासलेली. शेवटी समजलं की ग्रिपरची ॲल्युमिनियमची बोटं झिजल्यावर टूलरूमने तशीच हुबेहूब स्टीलमध्ये करून दिली होती. मापं अगदी जुळत होती, म्हणून कोणाला काही बदललंय असं वाटलंच नाही. पण स्टीलची घनता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट. ३५० ग्रॅमची जोडी किलोभराची झाली होती आणि नोंद जुनीच होती. तेव्हापासून ‘काही बदललं का?’ असं मी विचारत नाही. ‘गेल्या दोन महिन्यांत या टोकावरचं काय काय काढून परत बसवलं?’ असं विचारतो.

वजनाइतकंच महत्त्व गुरुत्वमध्याला आहे. वजन बरोबर पण मध्य टूल फ्लँजच्या (टोकावरच्या, ग्रिपर बसवायच्या चकतीच्या) बरोबर मधोमध नोंदवलेला, आणि प्रत्यक्षात ग्रिपर एका बाजूला १२ सेमी लोंबतोय, असं असेल तर रिस्टच्या जॉइंटवर न सांगितलेला टॉर्क येतो. बऱ्याच आर्ममध्ये वजन आणि मध्य स्वतः मोजून घेण्याची सोय असते. आर्म चार वेगवेगळ्या पोझमध्ये नेला की कंट्रोलर आकडे काढून देतो. पोझ एकमेकींपासून जितक्या वेगळ्या, तितका आकडा विश्वासार्ह. आलेलं वजन काट्याशी ताडून बघा.

शेवटी वेळ. प्रोग्रॅममध्ये पेलोड बदलण्याची आज्ञा नेमकी कधी येते? ग्रिपर बंद झाल्यावर, पार्ट उचलायच्या आधी ती यायला हवी, आणि पार्ट खाली टेकवून सोडल्यावर परत रिकाम्या ग्रिपरचं वजन. ही दुसरी आज्ञा विसरली जाते. ‘सोडल्यानंतर लगेच थांबतो’ या तक्रारीचं कारण बहुतेकदा हेच. याच्या उलट प्रकारही होतो: ग्रिपरने पार्ट पकडलाच नाही, पण प्रोग्रॅम पकडला असं समजून वजन चढवून मोकळा. पार्ट खरोखर हातात आल्याची खूण सेन्सरकडून मिळाल्यावरच वजन बदलेल अशी अट टाका.

चौथी तपासणी: पाया आणि बोल्ट

आर्म थांबवून, पॉवर बंद करून, टॉर्क रेंच घ्या. बेसचे बोल्ट आणि टूल फ्लँजचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर आहेत का तपासा. टूल फ्लँज बहुधा आयएसओ ९४०९-१ प्रकारची असते. लहान-मध्यम कोबॉटवर ५० मिमीच्या वर्तुळावर एम६ चे चार बोल्ट हे नेहमीचं रूप. ‘हाताला घट्ट लागतोय’ हे माप नव्हे. घट्ट केल्यावर बोल्टच्या डोक्यावरून प्लेटवर जाणारी रंगाची एक रेघ मारून ठेवा. पुढच्या वेळी रेंच न लावताही बोल्ट फिरला का ते दिसेल.

मग स्टँड. युनिव्हर्सल रोबोट्सच्या मॅन्युअलमध्ये बसवण्याच्या पृष्ठभागाबद्दल एक अट आहे: बेस जॉइंटच्या पूर्ण टॉर्कच्या निदान दहापट आणि आर्मच्या वजनाच्या निदान पाचपट भार त्याने सोसायला हवा. ही अट वाचून आपल्या कारखान्यातल्या चाकांच्या ट्रॉलीकडे एकदा बघा. ट्रॉली चाकांवरून उचलून पायांवर टेकवलेली नसेल, किंवा चारातला एक पाय अधांतरी असेल, तर आर्म थांबताना अख्खं टेबल झुलतं आणि ती झुलणी जॉइंटच्या आकड्यांत दिसते. थरथर आणि सरकलेली जागा ही दोन लक्षणं एकत्र असतील तर मी आधी इथे येतो.

बसवण्याचा कोनही बघा. भिंतीवर, छताला किंवा तिरक्या स्टँडवर बसवलेल्या आर्मला तो कोन सेटिंगमध्ये सांगावा लागतो. आर्म एका जागेवरून काढून दुसरीकडे नेला आणि हे सेटिंग तसंच राहिलं, तर त्याच्या लेखी ‘खाली’ ही दिशाच चुकते.

पाचवी तपासणी: प्रोग्रॅम आणि वेग

वेग ७० टक्के केला की स्टॉप बंद होतो, हे ऐकून बरेच जण तिथेच थांबतात. पण स्लायडरने अख्खी हालचाल संथ केली की प्रवेग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ७० टक्के वेगाला प्रवेग जवळपास निम्मा, ५० टक्क्यांना पाव. म्हणजे वेग कमी करून तुम्ही बिघाड दुरुस्त केलेला नसतो, फक्त मर्यादेपासून लांब गेलेले असता. वजनाची चूक, सैल बोल्ट, झुलणारा स्टँड, सगळं यात झाकलं जातं. शोध घेण्यासाठी वेग जरूर कमी करा, पण तो उपाय म्हणून नोंदवू नका.

वजन आणि पाया तपासून झाल्यावरही वेगाशी संबंध दिसत असेल, तर त्या ओळीचा प्रवेग वेगळा कमी करा आणि कोपऱ्यांवर ब्लेंड (गोलाई) द्या, म्हणजे आर्म प्रत्येक बिंदूवर गचकन थांबणार नाही.

थांबण्याची जागा नेमकी तीच असेल तर सिंग्युलॅरिटी बघा. हात पूर्ण ताणलेला असताना, टोक बेसच्या बरोबर वरून जाताना, किंवा रिस्टचे दोन अक्ष समांतर येताना टोकाला सरळ रेषेत नेण्यासाठी एखाद्या जॉइंटला अचानक प्रचंड वेगाने फिरावं लागतं. अशा जागी सरळ रेषेची हालचाल बदलून जॉइंटची हालचाल द्या किंवा मधला बिंदू हलवा. मार्ग बदलला की तो पुन्हा संथ वेगात, माणूस बाहेर ठेवून चालवून बघा.

सहावी तपासणी: थंड आर्म

कोबॉटच्या जॉइंटमध्ये बहुधा हार्मोनिक प्रकारचा गिअर असतो. आतल्या पातळ लवचीक चक्राला बाहेरच्या कड्यापेक्षा दोन दात कमी असतात, त्यामुळे मोटरच्या एका फेऱ्यात ते फक्त दोन दातांनी सरकतं. चक्र २०० दातांचं असेल तर मोटरचे १०० फेरे झाले की जॉइंटचा एक. एवढ्याशा जागेत एवढी घट मिळते, पण घर्षणही चांगलंच असतं, आणि ग्रीस थंड असताना ते आणखी वाढतं. रात्रभर बंद असलेल्या आर्मला पहिल्याच मिनिटाला पूर्ण वेगात पळवलं तर करंट अपेक्षेपेक्षा वर जाणारच.

उपाय साधा आहे: सगळे सहाही जॉइंट मोकळ्या जागेत, रिकाम्या ग्रिपरने, हळू ते मध्यम वेगात दोन्ही बाजूंना फिरवणारा १०-१५ मिनिटांचा वॉर्मअप प्रोग्रॅम. सकाळी ऑपरेटर पार्ट मांडेपर्यंत तो होऊन जातो.

पण वहीत लिहीत राहा. महिन्यामागून महिना जास्त वॉर्मअप लागत असेल आणि तोही एकाच जॉइंटला, तर कारण थंडी नाही, जॉइंट आहे.

सातवी तपासणी: कंट्रोल बॉक्स

पॉवर बंद, प्लग काढलेला. हवेच्या जाळ्या आणि फिल्टर काढून साफ करा. ग्राइंडिंग किंवा लाकडाच्या धुळीत हे महिन्याभरात गच्च होतात आणि आतलं तापमान चढतं. फॅन चालू झाल्याचा आवाज येतो ना, हे परत चालू केल्यावर ऐका. त्याच लाइनवर मोठी मोटर किंवा वेल्डिंग मशीन असेल तर स्टॉपची वेळ आणि त्या मशीनच्या सुरुवातीची वेळ जुळते का बघा. जुळली तर पुढचं काम इलेक्ट्रिशियनचं. बॉक्सच्या आतल्या बोर्डांना हात लावण्याची तुम्हाला गरज नाही.

आठवी तपासणी: जॉइंटची तुलना

इथवर काही सापडलं नाही तर जॉइंटवर संशय घ्यायला हरकत नाही. ग्रिपर काढा, पेलोड शून्य करा. एका वेळी एकच जॉइंट, संथ वेगात, त्याच टप्प्यात दोन्ही दिशांना फिरवा आणि करंटचा आलेख बघा. बेससाठी हे सोपं, कारण उभ्या अक्षावर वजनाचा प्रभाव नाही आणि जो करंट दिसतो तो जवळजवळ सगळा घर्षणाचा. बाकीच्या जॉइंटना, जमेल तिथे, अक्ष उभा येईल अशा पोझमध्ये न्या.

तुम्ही शोधताय ते असं: एका दिशेला दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त करंट, ठरावीक कोनावर दर वेळी येणारा उंचवटा, किंवा सारख्या आकाराच्या जॉइंटपेक्षा बराच वेगळा आकडा. कान लावा. एकसारखी गुणगुण ठीक. टकटक किंवा खरखर ठीक नाही. जॉइंटच्या झाकणाभोवती, रबरी सीलपाशी ग्रीसचा ओघळ आहे का बघा. झाकणाचे स्क्रू बारीक असतात, मॅन्युअलमधल्या टॉर्कपेक्षा जास्त आवळले तर झाकणच तडकतं.

आर्म नवा असताना हे आलेख काढून ठेवले असते तर आज तुलना दोन मिनिटांत झाली असती. ज्यांचा आर्म अजून नीट चालतोय त्यांनी हे आजच करून घ्या.

काय करू नये

सेफ्टी सेटिंगमधली बळाची मर्यादा वाढवू नका. स्टॉप त्याने बंद होतील, यात शंका नाही. पण तो आकडा सेलच्या धोका-मूल्यांकनातून आलेला असतो. आयएसओ/टीएस १५०६६ या २०१६ च्या दस्तऐवजात शरीराच्या २९ जागांसाठी सोसण्याजोग्या मर्यादा दिल्या आहेत. हात आणि बोटं दाबली जाताना १४० न्यूटन, चेहऱ्याला ६५. २०२५ च्या आयएसओ १०२१८ मध्ये हा मजकूर मूळ मानकातच आला. आवळलेल्या केबल टायवरचा उपाय म्हणून कोणाच्या बोटांची मर्यादा बदलणं हा मेन्टेनन्स नव्हे. तो आकडा खरंच बदलायचा असेल तर मूल्यांकन करणाऱ्यानेच, मोजमाप करून, सही करून बदलावा.

मेसेज आपोआप बंद करून प्रोग्रॅम पुढे ढकलणारी युक्ती कोणी सुचवली तर नको म्हणा. मी असा एक सेल पाहिलाय. तिथला लॉग उघडला तेव्हा एकाच जॉइंटचे शेकडो स्टॉप निघाले, आणि त्या जॉइंटचा गिअर तोवर संपला होता.

कॉम्प्रेस्ड हवेने आर्म झाडू नका, धूळ सीलच्या आत जाते. ओलसर कापडाने पुसा. झाकण उघडून ग्रीस भरू नका, हे जॉइंट बाहेरून ग्रीस भरण्यासाठी बनवलेलेच नसतात.

इथे थांबा आणि अधिकृत सर्व्हिसला बोलवा

- जॉइंटमधून खरखर किंवा टकटक येत असेल, किंवा आठव्या तपासणीत एकच जॉइंट वेगळा पडला असेल.
- पॉवर बंद केल्यावर आर्म जागेवर न थांबता घसरत असेल. ब्रेकचा प्रश्न आहे, आर्मखाली कोणी जाऊ नका.
- जॉइंटशी संपर्क तुटल्याचे किंवा एन्कोडरचे (सांध्याचा कोन मोजणाऱ्या सेन्सरचे) मेसेज येत असतील.
- टोकाला हाताने हलवल्यावर कुठल्याशा जॉइंटमध्ये ढिलेपणा जाणवत असेल.
- जोराची टक्कर झाली असेल, जरी नंतर आर्म नीट चालतोय असं वाटलं तरी.
- इमर्जन्सी स्टॉप किंवा पेंडंटमागचं तीन स्थितींचं बटण एकदाही चुकलं असेल. या बाबतीत ‘परत करून बघू’ नाही. आर्म बंद, फलक लावा.
- वरच्या सात तपासण्या करून, नोंदी ठेवून, दोन आठवड्यांत फरक पडला नसेल.

फोन करताना तुमची वही, स्क्रीनचे फोटो, लॉग फाइल आणि आर्मचा सीरियल नंबर हाताशी ठेवा. वही पाठवली की सर्व्हिसवाला योग्य जॉइंट बरोबर घेऊनच येतो.

पुन्हा होऊ नये म्हणून

शिफ्टच्या सुरुवातीला इमर्जन्सी स्टॉप दाबून बघणं, केबलवरून नजर फिरवणं, वॉर्मअप. महिन्यातून एकदा बोल्टवरच्या रंगाच्या रेघा, फिल्टर, सील आणि झाकणं, फ्रीड्राइव्हची तरंगण्याची परीक्षा. वर्षातून एकदा टॉर्क रेंच, प्रत्येक जॉइंटचा करंट आलेख आणि प्रोग्रॅमचा बॅकअप. सेफ्टी सेटिंगची ओळख म्हणून स्क्रीनवर छोटा चेकसम कोड दिसत असेल तर तो पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा. दर महिन्याला ताडून बघा, बदलला असेल तर कोणीतरी मर्यादांना हात लावलाय.

आणि ग्रिपरचं काहीही, अगदी रबरी पॅडसुद्धा, बदललं की काटा बाहेर काढायचा. जॉइंट बदलून आर्म परत आला तरी सर्व्हिसवाला जायच्या आत सगळे शिकवलेले बिंदू संथ वेगात एकदा फिरवून घ्या. नव्या जॉइंटनंतर कॅलिब्रेशन नीट झालं नसेल तर पार्ट ठेवण्याच्या जागा थोड्या सरकतात, आणि ते तो समोर असताना दिसलेलं बरं.